गाडी माझ्या नावावर आहे

प्रिय राजा,

फोन ठेवायच्या आधी तू नेहमी विचारतोस, "बाकी काही विशेष नाही ना?" आणि मी म्हणते, "नाही रे, सगळं ठीक." किती महिने आपलं हेच चाललंय. तुझ्या विचारण्यात उत्तर ऐकायची तयारी नसते आणि माझ्या उत्तरात काही सांगायची हिंमत नसते. म्हणून आज पत्र लिहायला बसले. पत्राला मध्येच "बरं आई, मीटिंग आहे, ठेवतो" असं म्हणता येत नाही. पडद्यांची मापं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते सोडले तर शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी घरचं सांगते. एका दवाखान्याच्या पडद्यांचं मोठं काम मिळालंय. सगळे एकाच हिरव्या रंगाचे. शिवून शिवून आता मला माणसंसुद्धा हिरवी दिसायला लागली आहेत. शेजारच्या आजींना ऐकू येणं आणखी कमी झालंय, त्यामुळे त्यांच्या मालिका आपल्याला भिंतीतून फुकट ऐकायला मिळतात. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला डॉक्टर हात लावायला तयार नाहीत, आधी साखर खाली आणा म्हणतात. तोवर भिंग घेऊन पेपर वाचणं चालू आहे, आणि बहिरी मी असल्यासारखं प्रत्येक बातमी मला ओरडून सांगणंही.

गाडी खाली उभी आहे. पोलिसांनी सोडल्यापासून कुणी तिला हात लावलेला नाही. मी उरलेल्या कापडांचं एक आवरण शिवून तिच्यावर घातलंय. फुलाफुलांचा झगा घातलेली गाडी म्हणून गल्लीतली पोरं हसतात. मला मात्र तो मागचा फुटलेला दिवा येता-जाता दिसायला नको होता.

ती गाडी घेतली तेव्हाचं आठवतं का तुला? दुकानदारानं कागदावर मालकाचं नाव विचारलं आणि बाबा पटकन म्हणाले, "हिचं लिहा. हिच्या पडद्यांची कमाई आहे, मी नुसता ड्रायव्हर." मला अजून स्टिअरिंगच्या मागे बसून हॉर्नसुद्धा नीट वाजवता येत नाही, पण त्या दिवशी मी फार ऐटीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या, आता माझ्या नावावर चार खिडक्या आहेत, असं मी तुला म्हटलं होतं. नावावर असणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं!

त्या संध्याकाळी तू बॅग आणायला निघालास. जुनीची चेन तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी तुला नोकरीवर परत जायचं होतं. मी मशीनवर बसले होते. तू दारातून हात पुढे केलास, मी पिनांच्या डबीशेजारची चावी उचलून तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, निळी आण, काळी नको. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बस, एवढंच. असं मी हजार वेळा केलं असेल. तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात बॅग नव्हती. मी विचारलं, तर म्हणालास, मनासारखी मिळाली नाही. जेवायला बसलास, पण घास तसाच हातात धरून राहिलास. मला वाटलं, पोराचा पाय घरातून निघत नाहीये. बरं वाटलं रे मला, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी तू ठरल्यापेक्षा आधीच्या ट्रेननं गेलास, तुटक्या चेनच्या बॅगेला माझ्या शिवणाच्या पट्ट्या बांधून.

तू गेल्यावर थोड्याच वेळात बाबा बादली आणि फडकं घेऊन खाली गेले. निवृत्तीनंतर ज्या माणसानं स्वतःचा कप विसळला नाही, तो गाडी पुसायला गेला! मी गॅलरीतून हाक मारली तर त्यांनी वर पाहिलंही नाही. फडकं तसंच हातात, आणि ते मागच्या दिव्यासमोर उभे. जिना चढून आले आणि एवढंच म्हणाले, "रंग लागलाय. खांबाचा पिवळा." आणखी काय लागलं होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पोलीस आले ते बाजार संकुलातल्या कॅमेऱ्यातून गाडीचा नंबर घेऊन. खालच्या पार्किंगमध्ये कुणाला तरी धडक बसली होती, आणि गाडी निघून गेली होती. फाटकावरच्या कॅमेऱ्यात बाहेर पडणारी गाडी होती, पण काचेवर दिव्याचा उजेड पडल्यामुळे आतला चेहरा दिसत नव्हता. इन्स्पेक्टरनं माझं नाव वाचलं आणि मला विचारलं, "बाई, गाडी तुमची ना? मग कोण चालवत होतं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा उठले. गंजीफ्रॉकवर होते. खुंटीवरचा शर्ट घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, आणि म्हणाले, "मीच होतो साहेब. घाबरलो आणि निघून आलो." इन्स्पेक्टरनं त्यांच्या जाड चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कापडाची घडी घालत राहिले. घातलेली घडी मोडून परत घालत राहिले.

त्यानंतर बाबांनी गॅलरीचं दार ओढून घेऊन तुला फोन केला. दार नीट लागत नाही हे तुला माहीत आहे. "तू तुझं काम कर. इकडचं मी बघतो. आणि हे बघ, आईपाशी काही बोलू नकोस." तू पलीकडून काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. फोन फार लवकर संपला, एवढं मात्र कळलं. तुम्हा दोघांचं कधी जमलंच नाही. तू कॉलेजात असल्यापासून एका खोलीत असलात की तुमच्यातलं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. "त्याला सांग", "त्यांना सांग". त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्यात असं काही घडलं, ज्यात मी मध्ये नव्हते.

तुझे बाबा आयुष्यभर बस चालवत होते, राजा. त्यांनी कधी कुणाला साधं खरचटूसुद्धा दिलं नाही. त्याबद्दल त्यांना मिळालेली ढाल दिवाणखान्यात होती, तुझ्या शाळेच्या फोटोच्या वर. आता तिथे भिंतीवर नुसता पांढरा चौकोन आहे. ढाल मला कपाटात खाली सापडली, पडद्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. डेपोबाहेरच्या बाकावर जुने ड्रायव्हर संध्याकाळी जमतात, तिथे कुणीतरी हसत म्हणालं म्हणे, "अखेर तूही ठोकलीसच की! आणि वर पळालास?" बाबाही त्यांच्याबरोबर हसले. हे मला त्यांच्या मित्राच्या बायकोनं सांगितलं. त्यानंतर ते त्या बाकावर गेलेले नाहीत.

मग विमा कंपनीची मुलगी आली. चांगली होती बिचारी, चपला बाहेर काढून आत आली. गाडीचे फोटो काढले आणि बाबांकडे लायसन्स मागितलं. बाबांनी डेपोच्या दिवसांतलं पाकीट काढून दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, हे तर कधीच संपलंय. नवीन केलं नाहीत?" कसं करणार? डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले होते. म्हणून तर गाडी तू आलास की तूच चालवायचास. बाबा म्हणाले, "राहून गेलं." थोड्या दिवसांनी कंपनीनं कळवलं की लायसन्स नसलेल्या माणसानं गाडी चालवली, म्हणून आम्ही एक पैसाही देणं लागत नाही. जखमी माणसानं काय मागायचं ते गाडीच्या मालकाकडे मागावं.

मी वकीलबाईंकडे गेले. कोपऱ्यावरच्या, ज्यांच्या बैठकीचे पडदे मी शिवले होते त्याच. मी त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं. त्यांनी मला लहान मुलीला समजावावं तसं सांगितलं. विमा गाडीचा असतो, पण ज्यानं चालवली त्याच्याकडे चालू लायसन्स लागतं. ते असेल तर समोरच्याची भरपाई कंपनीच्या गळ्यात. नसेल तर कंपनी हात वर करते, मालक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि जखमी माणूस तसाच राहतो. मी विचारलं, आणि पळून जाण्याचं काय? त्या म्हणाल्या, "ते वेगळं प्रकरण. त्याचा विमा नसतो ताई. ज्यानं केलं, त्यालाच उभं राहावं लागतं." मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तुमच्या मुलाकडे लायसन्स आहे ना?" मी मान डोलावली. "चालू?" मी परत मान डोलावली. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मी काही विचारलेलं नाही, तुम्ही काही सांगितलेलं नाही. पण मालक म्हणून तुम्हाला साक्षीला बोलावतील. शपथेवर विचारतील. घरी जाऊन नीट विचार करा."

विचार करायला मी घरी गेले नाही. त्या माणसाकडे गेले.

तुला तो कोण आहे हे माहीत आहे का रे? तू कधी चौकशी केलीस का? त्याचं बाजारामागच्या रस्त्यावर सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, दारात काचेच्या मण्यांचा पडदा. त्या दिवशी तो दुकानासाठी साबण आणि ब्लेडं घेऊन पार्किंगमधून चालत चालला होता. गाडी मागे आली, त्याला खांबाशी दाबलं, आणि उजवा हात खांब आणि गाडी यांच्या मध्ये सापडला. गुडघा हळूहळू बरा होतोय. हात होत नाहीये. अंगठा मिटत नाही. अंगठा मिटला नाही तर कात्री धरता येत नाही, राजा. मी शिवणारी बाई आहे, मला हे कुणी समजावून सांगायला नको.

मी आत गेले तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता आणि त्याची बायको जमीन झाडत होती. जमिनीवर एकही केस नव्हता. तरी ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाडत होती, रोजच्या सवयीनं. मी म्हटलं, "ती गाडी माझ्या नावावर आहे." मला वाटलं, आता ही बाई झाडू घेऊन अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बसा ताई." इतकंच. बायकोला म्हणाला, "त्यांना पाणी दे." तिनं दिलं. पेला माझ्या हातात न देता बाकावर ठेवला.

मग तोच बोलायला लागला. "तुमचे मिस्टर आले होते दवाखान्यात. हात जोडून उभे राहिले. म्हणाले, माझ्या हातून झालं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही ताई, पायांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचे पाय, सँडलमधले. मी जमिनीवर पडलो होतो ना, मला त्या दिवशी पायच दिसले होते. गाडी थांबली होती. दार उघडलं. एक पाय खाली टेकला, पांढरा बूट. तरुण पोराचा पाय होता तो. मला वाटलं, आला. मग तो पाय परत आत गेला." मी विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही? "सांगितलं की. पण तोवर कबुली आली होती, मग कोण लिहून घेतंय? आणि मीही म्हटलं, बाप दिसतोय. असू दे. पैसे काय, कंपनीच देणार, कुणाच्याही नावावर. आता कंपनी नाही म्हणते."

तेव्हा बायकोनं झाडू भिंतीला टेकवला. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. ओरडली नाही. "गाडी लागली, लागू दे. लागते कुणाच्याही हातून. पण एक हाक मारायला काय जात होतं हो? दोन गाड्यांच्या मध्ये पडले होते हे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला दिसत नव्हते. आवाज निघत नव्हता यांच्या तोंडातून. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हाताचं काही करता आलं असतं. नाही थांबायचं तर नका थांबू. जाता जाता कुणाला तरी सांगायचं, तिकडे माणूस पडलाय म्हणून. एवढंच!"

मी पाणी प्यायले आणि उठले. मण्यांचा पडदा बाजूला करताना त्याच्या दोन लड्या तुटलेल्या दिसल्या. मी म्हटलं, मी हे नीट करून देते. ती म्हणाली, "नको." बरोबरच होतं तिचं.

त्या दिवसापासून तो एक पाय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू दार उघडलं होतंस. तू उतरत होतास. माझा मुलगा उतरत होता, हे मी स्वतःला परत परत सांगते, आणि प्रत्येक वेळी पुढचंही आठवतं. तुला काय झालं असेल त्या क्षणी? नोकरी नवीन, अजून पक्कीही झालेली नाही, पोलीस, बाबा काय म्हणतील. बाबा काय म्हणतील याची भीती तुला सगळ्यात जास्त असणार. आणि त्याच बाबांनी बटणं लावून तुझं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना तुझ्यासाठी काही करायची दुसरी रीत कधी सापडलीच नव्हती. पण राजा, त्यांच्या त्या खोटेपणात तुझ्याबरोबर कंपनीही सुटली, आणि अडकला कोण तर तो खुर्चीत बसलेला माणूस.

मी तुझ्या फोनची वाट पाहिली. रोज वाटायचं, आज विचारेल. आज तरी म्हणेल, "आई, त्या माणसाचं काय झालं गं?" तू हवेबद्दल विचारलंस, बाबांच्या साखरेबद्दल विचारलंस, शेजारच्या आजींबद्दलही विचारलंस.

आज दुपारी कोर्टात तारीख होती. भरपाईचं कोर्ट म्हणजे फार मोठं काही नसतं. एक खोली, वर पंखा, बाकांवर कुबड्या घेतलेली माणसं आणि त्यांच्या बायका. सलूनवाले पुढच्या बाकावर होते, हात मांडीवर ठेवून. बाबा मागे, भिंतीला टेकून. मला पुढे बोलावलं, शपथ दिली. कंपनीच्या वकिलानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "गाडीच्या मालक तुम्ही. त्या संध्याकाळी चावी कुणाला दिली होती?" मी तुझं नाव घेतलं, राजा. पूर्ण नाव, बारशाला ठेवलेलं, जे मी एरवी कधी उच्चारत नाही. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. जजसाहेबांनी बाबांना उभं केलं, खोटं का सांगितलं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "मुलगा आहे साहेब." त्यांच्यावर काय होईल ते अजून ठरायचंय. परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. त्या डोळ्यांना बाहेरचं काय दिसत होतं कुणास ठाऊक. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत. घरी आल्यावर मी पाणी दिलं, तेव्हा पेला हातात धरूनच म्हणाले, "तू कळव त्याला. नोटीस पोचायच्या आधी. परक्या माणसाकडून कळायला नको." म्हणून हे पत्र. उद्या कुरियरनं निघेल, नोटीस त्यामागून येईल. वकीलबाई म्हणतात, तू आपणहून येऊन हजर झालास तर ते जमेला धरतात. तसं असेलही, पण मी त्यासाठी लिहीत नाही. तुझी आई तुझ्याविरुद्ध साक्ष देऊन आली आहे, हे तुला तुझ्या आईनंच सांगावं, एवढ्यासाठी लिहिलं. नोकरी राहील की जाईल, शिक्षा होईल की दंड, मला काही माहीत नाही, आणि खोटा धीर मी देणार नाही. कोर्टात जायचं असेल तेव्हा मी बरोबर येईन. सलूनमध्ये मात्र तुला एकट्यानं जावं लागेल. माझा राग येईल तुला. यायलाच हवा. रागावून ये, पण ये.

तुझीच,
आई